‘डार्लिंग’ म्हणजे दादा

“इंग्लिश म्हणजे माझ्या हातचो मळ!” लवू आचऱ्याच्या तिठ्यावर चारचौघांत सांगायचा. २००६ साली त्यानं घरातल्या दोन खोल्यांत पर्यटक ठेवायला सुरुवात केली, तेव्हापासून तर त्याचे पाय जमिनीवर ठरेनात!

मग लंडनची एक साठीची बाई राहायला आली. तिला सगळेच डार्लिंग! नारळ पाडणारा डार्लिंग, होडीवाला डार्लिंग, दारातलं मांजरसुद्धा डार्लिंग. बांगड्याचं तिखलं वाढल्यावर ती लवूला म्हणाली, “थँक्यू, डार्लिंग!”

चुलीपाशी बसलेल्या त्याच्या बायकोचे, चंद्रावतीचे कान टवकारले. “ओ, डार्लिंग म्हणजे काय?”

खरं सांगितलं तर आठवडाभर जेवणाऐवजी बोलणीच खावी लागणार! “डार्लिंग म्हणजे... दादा! मान देतत गो तेंच्यात.”

महिन्याभरानं पर्यटन खात्याचे साहेब घर पाहायला आले. त्यांना पसंत पडलं तरच दारावर सरकारी मान्यतेची पाटी लागणार, नाहीतर दोन्ही खोल्या बंद! मासे खायच्या ओढीनं त्यांच्या बाईही आल्या होत्या. आपल्याकडे परक्यालाही दादा-काका लावल्याशिवाय हाक मारत नाहीत, आणि हे तर शिकलेले साहेब. चंद्रावतीनं पदर सावरला, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि गोड हसून म्हणाली, “येवा डार्लिंग, बसा!”

साहेबांना जोराचा ठसका लागला.

“तुम्ही इथे आधी येऊन गेलात?” बाईंनी विचारलं.

“देवाशपथ नाही गं!”

“डार्लिंगांका सोलकढी देवंया?” चंद्रावतीचा पाहुणचार थांबेना.

बाई तरातरा जीपकडे निघाल्या. साहेबांनी कागद गुंडाळले. पाटी चालली, खोल्या चालल्या! लवू धावत आडवा गेला आणि त्यानं लंडनच्या बाईपासून आपल्या थापेपर्यंत सगळं घडाघडा सांगून टाकलं. “चूक माझी, बाईनू! ह्यो शब्द नवरो-बायकोत बोलतत, ह्या हिका ठावकच नाय!”

बाई थबकल्या. “नवरा-बायकोत? आमच्याकडे तर तिथेही कोणी म्हणत नाही हो!” आणि नवऱ्याकडे बघून खळखळून हसल्या. साहेबांनी जीपच्या बॉनेटवरच सही ठोकली!

आता धास्ती होती ती चंद्रावतीची. ती कमरेवर हात ठेवून उभी. “म्हणजे त्या बायेन तुमका...?”

“व्हय,” लवू कसाबसा म्हणाला.

चंद्रावतीनं त्याची ढेरी पाहिली, लुंगी पाहिली, खवले चिकटलेले हात पाहिले. आणि पोट धरून खालीच बसली.

“तुमका? अगो बाय माझे! तिचो चष्मो खंय हरावलो होतो?”

सुटलो रे देवा, असं लवूला मनापासून वाटलं. पण जरा तरी भांडली असती, तर बरं झालं असतं!