बेचाळिसावी चिठ्ठी

व्याही संध्याकाळी पाचला येणार होते. तात्यांनी सकाळी सातलाच कंबर कसली.

लेक-जावई कामासाठी महिनाभर परगावी निघाले होते आणि तीन वर्षांची नात आजोळी राहणार की व्याह्यांकडे, हे आज ठरायचं होतं. व्याही अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. "घर एकदा बघतो. आगीचा धोका नसेल तर पोर खुशाल तुमच्याकडे," असं ते फोनवर म्हणाले होते. ते तात्यांना भलतंच झोंबलं.

तात्यांची एकतीस वर्षं कचेरीच्या आवक-जावक विभागात गेली. आलेल्या वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी सुतळीनं बांधायची, हे त्यांचं काम. चिठ्ठी बांधली की वस्तू मार्गी लागली, अशी त्यांची खात्री होती. मग ती दहा वर्षं तिथंच धूळ खात पडली तरी त्यांची झोप उडत नसे.

त्यांनी बेचाळीस चिठ्ठ्या कापल्या. दुपारपर्यंत इस्त्री, हीटर, रंगाचे डबे, पडदे, अगदी माईंची प्लास्टिकची बादलीसुद्धा धोक्याच्या यादीत गेली.

"बादलीला कशाला चिठ्ठी?" माईंनी विचारलं.

"प्लास्टिक आहे. पेट घेतं."

"अहो, तिच्यात पाणी असतं!"

"आत्ता आहे का?" तात्यांनी आत डोकावून पाहिलं आणि बादली उचलली.

हलवता येण्याजोगे सगळे धोके त्यांनी पुढच्या दाराशी रचले. दाराशी नेलं म्हणजे अर्धं घराबाहेर गेलंच, असा हिशेब. रद्दीचे गठ्ठे, गादी, हीटर, वर पालथी बादली. दार आत उघडतं, हे तीस वर्षं त्या घरात राहून तात्यांना माहीत होतं. फक्त आठवलं नाही.

स्वयंपाकघरातली एकही चिठ्ठी गहाळ होऊ नये म्हणून त्यांनी तिथल्या सगळ्या एकाच सुतळीत ओवल्या: शेगडीची जाळी, फडक्यांची दांडी, खिडकीचा पडदा. सगळं क्रमवार.

पाचला दहा कमी असताना माईंनी चहाच्या आधणाचं पातेलं हातात घेतलं. "ती शेगडीवरची चिठ्ठी सोडा आधी."

"पाहणी होईपर्यंत चिठ्ठीला हात लावायचा नाही."

"मग चहा काय तुमच्या डोक्यावर ठेवू?"

"अगं, जरा बाजूला सार की."

माईंनी सारली. ज्योत लागली तशी चिठ्ठी परत आपल्या जागी लोंबली. चौदा क्रमांक पेटला. सुतळीवरून आग पंधराव्यावर गेली, तिथून सोळाव्यावर. एकही क्रमांक चुकला नाही.

"बादली!" तात्या ओरडले आणि दाराकडे धावले. नेमकी तेव्हाच बेल वाजली. बाहेरून व्याह्यांनी दार ढकललं. ते दोन बोटं उघडलं आणि अडलं.

"दारात काय आहे हो?"

"धोके!" तात्या आतून ओरडले. "सगळे इथंच आहेत! स्वयंपाकघरात थोडे पेटलेत!"

व्याही घराला वळसा घालून स्वयंपाकघराच्या खिडकीशी धावत पोचले, तोवर माईंनी गॅस बंद केला होता. त्यांनी विळीवर सुतळी कापली, जळता तुकडा चिमट्यानं मोरीत टाकला, नळ सोडला आणि आधणाकडे वळून पाहिलं. ते जागेवरच होतं. त्यांनी गॅस पुन्हा लावला.

"साखर किती, व्याही?" त्यांनी खिडकीतूनच विचारलं.

"एक चमचा. पोर इथंच राहील, विहीणबाई. तुम्ही असताना मला कसली काळजी?"

हे ऐकतच तात्या बादली घेऊन आत आले. त्यांची छाती फुगली. "बघितलंत ना? पाहणी केल्याचा फायदा!"

चहा झाल्यावर व्याह्यांनी खिडकीबाहेरच एक घोट घेतला. "कोरी चिठ्ठी आहे का एखादी?"

पोचपावती मिळणार म्हणून तात्यांनी उरलेली एकुलती चिठ्ठी आणि पेन लगबगीनं पुढे केलं. व्याह्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि खिडकीतून हात घालून चिठ्ठी तात्यांच्या सदऱ्याच्या वरच्या बटणाला बांधली. माई वाचून पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या.

तात्यांनी चष्मा लावला, मान वाकडी करून वाचलं: 'धोका क्र. ४२. नात घरात असेपर्यंत सुतळीपासून लांब ठेवावा.'

मग त्यांनी पेन परत मागून घेतलं.

"तारीख राहिली, व्याही," ते करड्या आवाजात म्हणाले. "तारखेशिवाय आम्ही चिठ्ठी ग्राह्य धरत नाही."

आणि त्यांनी तारीख स्वतःच घातली.