न खाण्याचं आवतण

मुंजाजीकाकांनी फोन करून कुणाला जेवायला बोलावलं, असं आमच्या गल्लीत आजवर घडलेलं नाही. घरी नुसत्या पुरणपोळ्या असल्या तरी ते स्वतः दारात येणार, चप्पल काढून उंबऱ्याबाहेर उभे राहणार आणि म्हणणार, "सर, उद्या दुपारचं आवतन हाय. चूलबंद." चूलबंद म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांनी यायचं, आपली चूल पेटवायचीच नाही. एकदा मी म्हटलं, "काका, चुली गेल्या आता, गॅस आला." त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं, "मग गॅसबंद म्हना. पन या."

बरं, एकदा सांगून भागलं असं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आठवण द्यायला पुन्हा हजर. आणि पानं मांडली की तिसऱ्यांदा, "चला, सैपाक झाला." मी एकदा वैतागून बोललो, "येतो म्हटलं ना काका, किती हेलपाटे घालता?" तेव्हा मी काहीतरी भलतंच बोलल्यासारखं ते बघत राहिले. "आवतन तोंडानं द्यावं अन् उभ्यानं द्यावं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाटबंधारे खात्यात असताना पाणी सोडायच्या आदल्या दिवशीही ते म्हणे शेतकऱ्याच्या दारात असेच उभे राहायचे. काकू गेल्यानंतर ही आवतणं कमी होतील असा आमचा अंदाज होता. ती दुप्पट झाली. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मिरवायची हौस. एकट्या माणसाला स्वतःपुरता स्वयंपाक करताना काय होत असेल, हा विचार माझ्या डोक्यात तेव्हा आला नव्हता.

याच माणसानं गेल्या उन्हाळ्यात गल्लीत घरोघर फिरून एक उलटंच आवतण दिलं.

त्यांची मुलगी मनीषा बंगळूरला असते. तिची मुलगी स्वरा, सहा वर्षांची. या लेकराला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे अंगावर पित्त उठतं, आमसूल लावलं की बसतं, तसलं नव्हे. घसा आतून सुजतो आणि श्वास बंद होतो. वेळेवर इंजेक्शन मिळालं नाही तर संपलं. आता परभणी जिल्ह्यात शेंगदाणा टाळायचा म्हणजे काय ते ज्यानं इथलं जेवण खाल्लंय त्यालाच कळेल. वांग्यात तो, भेंडीत तो, काकडीच्या कोशिंबिरीत तो, उपासाच्या खिचडीत तर तोच तो. वरून फोडणीला तेल, तेही शेंगदाण्याचं. चार वर्षं ही पोरगी परभणीला आली नव्हती. आम्ही आपले म्हणायचो, शहरात राहून मनीषाला माहेर नकोसं झालं.

पण मनीषाला दुसऱ्या वेळी दिवस गेले आणि डॉक्टरांनी तिला अंथरुणावरून उठायची बंदी केली. सासूबाई स्वतःच आजारी. दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जावई स्वराला सुट्टीभर काकांकडे सोडून गेले. त्याच्या आठ दिवस आधी काकांनी मिक्सर, पोळपाट, तवा, मसाल्याचा डबा, सगळं लोकांना देऊन टाकलं आणि नवं आणलं. मग नेहमीसारखे आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"सर, महिनाभर माज्या लेकराला कुणी काही द्यायचं न्हाई. बिस्कुट न्हाई, परसाद न्हाई, चिमूटभर साखर न्हाई. एवढं आवतन घ्या."

आमच्या हिला रागच आला. दारात आलेल्या लेकराच्या हातावर काही ठेवायचं नाही, हे कुठलं आवतण? पण दुसऱ्या दिवशी सकाळी काका आठवण द्यायला आले आणि रिक्षातून पोरगी उतरली तेव्हा तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळेला ही नुसती मान हलवून आत गेली आणि हातातला लाडवाचा डबा परत फळीवर ठेवला.

इंजेक्शन द्यायला ते दवाखान्यात जाऊन शिकले होते. घरी सराव मोसंब्यांवर. सकाळी सात वाजता दार ढकलावं तर हा माणूस मोसंबं मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर ओढून, सुई टोचायलाय. "साल जाड हाय, पन मांडीचा अंदाज येतो," म्हणायचे. ती पाणी भरलेली मोसंबी ओळीनं खिडकीत ठेवलेली असायची. आम्ही गल्लीतले लोक यावर पुष्कळ हसलो. खोटं कशाला सांगू, सगळ्यात जास्त मीच.

जूनमध्ये मनीषा बाळंत झाली. शाळा उघडायची वेळ आली, जावयांना निघता येईना, आणि स्वराला पोचवायची जबाबदारी काकांवर आली. रेल्वेचं नाव डॉक्टरांनीच काढू दिलं नाही. एवढा लांबचा प्रवास, डब्यात घडोघडी खारे दाणेवाला, आणि मधेच काही झालं तर उतरायचं कुठं? त्यापेक्षा नांदेडहून विमान बरं, दोन तासांच्या आत बंगळूर. पण तेवढ्या वेळात वर काही झालं तर तिथं दवाखाना नाही. काकांच्या पिशवीतली दोन इंजेक्शनं आणि काका, एवढंच. गल्लीत विमानात बसलेला माणूस मी एकटा, तोही एकदाच, पण त्या जोरावर मला बरोबर घेतलं.

विमानतळावर तपासणीला इंजेक्शनं निघाली. तिथल्या बाईनं विचारलं, "ये क्या है?" काकांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुढं केली आणि आमच्याकडच्या हिंदीत म्हणाले, "उसका सील नक्को तोडो बेटी, बच्ची की जान है उसमें." बाईनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि पिशवी स्वतःच्या हातानं बंद करून दिली.

विमान छोटंसंच. काकांनी स्वराची सीट, पट्टा, खिडकी, पुढची फळी, सगळं ओल्या रुमालानं पुसलं, मग दुसरा रुमाल काढून पुन्हा पुसलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वासानं सहसा काही होत नाही, पण कुणाचं खरकटं बोट कुठं लागलं आणि तिथून या पोरीच्या तोंडात गेलं तर तेवढं पुरे. पुसून झाल्यावर मला वाटलं, आता बसतील. ते पहिल्या रांगेपाशी जाऊन उभे राहिले. हात जोडले.

"रामराम. नात हाय माझी, ती बघा, निळ्या फ्रॉकातली. शेंगदाण्यानं तिचा जीव जातो. बंगळूर येईस्तोवर कुणी शेंगदाण्याचं काही उघडू नका. एवढं आवतन घ्या."

मी मान खाली घातली. लोक काय म्हणतील याची मला भारी काळजी. काका मात्र रांगेमागून रांग, प्रत्येकाच्या तोंडाकडं बघून तेच वाक्य. हवाईसुंदरी धावत आली, "अंकल, बैठ जाइए, मैं अनाउन्समेंट करती हूँ." तिनं केलीही, हिंदीत आणि इंग्रजीत. काकांनी ती आदरानं ऐकून घेतली आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "हे भोंग्यावरचं बोलनं. कुनाच्या तोंडाकडं बघून सांगितलं तिनं?" मग तिला म्हणाले, "बेटी, आखरी दो लाइनां रह गयीं."

एक व्यापारी दिसणारे गृहस्थ होते, ते उसळले. "आमी बी तिकीट काढून बसलोत. घरचा डबा हाय, भूक लागली की खाणार." काका वाद घालतील असं मला वाटलं. ते "बरं" म्हणाले आणि पुढं गेले. परत येताना पुन्हा त्यांच्यापाशी थांबले, हात जोडले, तेच वाक्य. पट्टे बांधायची सूचना झाली तेव्हा तिसऱ्यांदा. गृहस्थांनी उठून डबा वरच्या कप्प्यात कोंबला. "घ्या, ठेवला वर! आता बसा तुमी, माझे बाबा." आजूबाजूचे हसले, तेही हसले.

हे तिकडं चाललं असताना स्वरा माझ्या ताब्यात होती. पलीकडच्या सीटवर गंगाखेडकडची एक म्हातारी, लेकाकडं निघालेली, पहिल्यांदाच विमानात. काकांचं आवतण तिनं सगळ्यात आधी घेतलं होतं, डोळ्याला पदर लावून. "दाण्याचं नाव घेनार न्हाई, बाबा," म्हणाली होती. तिनं पिशवीतून फडकं सोडलं आणि कणकेचा एक लाडू माझ्यापुढं धरला. "द्या लेकराला. सकाळपून कोमेजून गेलंय."

मी विचारलं. एवढं मी विचारलं, हे माझ्या बाजूनं सांगतो. "आजी, यात शेंगदाणे नाहीत ना?"

"न्हाई हो. एक दाना न्हाई. गूळ अन् कनिक."

मी लाडू घेतला आणि स्वरापुढं केला. आवतण घेतलेला, तीन वेळा आठवण दिलेला, पस्तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. स्वरानं दोन्ही हात पाठीमागं नेले. माझ्यावरून वाकून तिनं म्हातारीला विचारलं, "आजी, कूट आहे का?"

"कूट?" म्हातारी म्हणाली. "कूट हाय की मूठभर. त्याबिगर चव येती का, माय?"

मी हात झटकन मागं घेतला. लाडू तसाच हातात. काका मागून आले ते कधी आले कळलं नाही. ओरडले नाहीत. "सर, उठा. हात धुऊन या. साबनानं, दोनदा." मी हात धुऊन आलो तेव्हा ते माझ्या जागेवर, स्वराच्या शेजारी बसले होते; मी त्यांच्या बाजूला बसलो. लाडू बांधून वर गेला होता. हवाईसुंदरीनं म्हातारीचेही हात पुसवून घेतले होते, आणि म्हातारी रडत होती. काका तिला सांगत होते, "मावशी, तुमचं चुकलं न्हाई. आपल्यात कुटाला दाने कोन म्हनतंय?"

विमान वर गेलं. स्वरा खिडकीला नाक लावून ढग बघण्यात गुंतली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर काकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि खालच्या आवाजात बोलू लागले.

"सर, मी बी हेच केलतं. झरीला, गावाकडं, शेतात. ही दोन वर्षांची. मनीषानं बजावलतं, बाबा, दाने देऊ नका, हिला तरास होतो. मी म्हनलं, बरं. दाने न्हाईच दिले. वांग्याची भाजी अन् भाकर, मऊ कुस्करून माज्या हातानं भरवली. दोनच घास. ओठ निळे पडले, सर. परभणीला दवाखान्यात नेलं तर डॉक्टर इचारायलेत, काय खाल्लं? दाने खाल्ले का? अन् मी छातीवर हात मारून सांगायलोय, न्हाई साहेब, दाने दिलेच न्हाईत. माज्या त्या बोलन्यात येळ गेला. मनीषा बघतच व्हती माज्याकडं."

मग म्हणाले, "त्या दिवसापून लेकराला हातानं भरवलं न्हाई. ताट वाढतो अन् लांब बसतो."

ते मी महिनाभर बघितलं होतं. पोरगी एकटी जेवायलीय आणि आजोबा चार हात लांब भिंतीला टेकून. म्हाताऱ्यानं सोवळं पाळायला घेतलं म्हणून मी गल्लीत नक्कल करून दाखवली होती. मला स्वतःची लाज वाटली.

बंगळूरला सुखरूप उतरलो. उतरताना त्या व्यापाऱ्यानं काकांची पिशवी दारापर्यंत आणून दिली.

घरी मनीषा पलंगावर, मांडीवर बारा दिवसांचं बाळ. लेकीला तिनं एका हातानं जवळ घेतलं, कपाळ, गाल, ओठ, सगळं बघितलं. बापाला म्हणाली, "आलात?" ते म्हणाले, "आलो." जावयांनी वरण-भाताचा कुकर लावला होता. ताट आलं, पण स्वरा प्रवासानं किरकिरी झालेली, तिला जेवायचंच नव्हतं.

"बाबा, माझे हात गुंतलेत," मनीषा बाळाकडं बघत म्हणाली. "तुमीच भरवा तिला."

जावई तिथंच, पळी हातात घेऊन उभे होते. त्यांचे हात मोकळे होते. तिनं त्यांना सांगितलं नाही.

काका उठले. "वरनात काय काय हाय?" त्यांनी विचारलं.

"तुमीच पाठवलेली तूरडाळ हाय, बाबा. हळद, मीठ अन् तूप. दुसरं काही न्हाई."

ते मोरीकडं गेले. नळ बराच वेळ वाहत राहिला. आत जाऊन बघावं का, असं मला वाटू लागलं तेव्हा ते आले, फरशीवर मांडी घालून बसले आणि भात कालवायला लागले. कालव्याची लोखंडी दारं पिरगाळलेली ती बोटं शितन् शीत चाचपत होती. घास केला तो चिमणीला घालावा एवढा. स्वरानं तो बघितला आणि तक्रार केली, "आजोबा, एवढुसा काय? मोठा करा ना."

त्यांनी मोठा केला. तिनं खाल्ला, चावला, गिळला. काकांचा हात तसाच ताटावर थांबला. ते तिच्या ओठांकडं बघत राहिले. मनीषाही मान वर करून बघत होती, आधी लेकीकडं, मग बापाकडं, आणि तिचे डोळे भरून आले होते.

"आजोबा," स्वरा कंटाळून म्हणाली, "दुसरा."