नत्थूजींची पंगत

दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या घरातून "भात करपून राहिला! ताट आण, ताट!" असा आरडाओरडा सुरू झाला की समजावं, नत्थूजी खेळायला बसले. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी पाण्याची बादली घेऊन धावलो. पाहतो तर गॅस बंद, आणि नत्थूजी टीव्हीसमोर सतरंजीवर मांडी घालून बसलेले. हातात बटणांचं खेळणं. बादलीकडे पाहून म्हणाले, "ठेवा तिकडं. आग टीव्हीत लागली."

नत्थूजी म्हणजे आमच्या मोहाडीचे आचारी. इथून वरठीपर्यंत कोणत्याही लग्नात वांग्याची भाजी जमली की लोक न विचारता त्यांचं नाव घेत. पुढे गुडघे गेले, कामं सुटली. मग नागपूरच्या लेकीनं हा खेळ पाठवला. दोघांना मिळून खेळता येईल असा. पडद्यावर स्वयंपाकघर. गिऱ्हाईक मागेल ते चिरायचं, शिजवायचं, वाढायचं, खरकटी ताटं धुवायची. उशीर झाला की गिऱ्हाईक लालबुंद होतं आणि निघून जातं.

ज्या धावपळीनं जन्मभर जीव मेटाकुटीला आला, तीच म्हातारपणी मौज म्हणून कोण करतं? मी विचारलंच. म्हणाले, "लग्नात भात करपला तं वरबाप दहा वर्षं बोभाटा करते. इथं करपला तं बटण दाबाचं, का दुसरं लग्न."

एक खोड मात्र अजब. पहिलं ताट तयार झालं की ते पडद्यावरच्या ओट्याच्या कोपऱ्यात ठेवायचं आणि शेवटपर्यंत हात लावायचा नाही. "पहिलं ताट अन्नपूर्णेचं." खेळात ताटं मोजून चार. एक देवीजवळ अडकलं की उरली तीन, तीच पुन्हापुन्हा धुवायची. म्हणून डावाअखेर मिळणाऱ्या तीन चांदण्यांपैकी तिसरी कधी मिळालीच नाही. मी कारकून माणूस, अर्धवट राहिलेलं काम मला बघवत नाही.

पण गल्लीचा राग वेगळाच होता. ताटं धुणारी दुसरी खेळाडू म्हणजे शेवंताकाकू, त्यांची बायको. लग्नाच्या मांडवामागं नत्थूजींच्या कढईशेजारी बसून हजारो पुऱ्या लाटलेली बाई. मागच्या वर्षी लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. अशा बाईच्या त्याच हातात खेळणं देऊन हा माणूस ओरडतो, "हात चालव ना!" आयाबाया म्हणत, म्हाताऱ्याला लाज नाही. मलाही तसंच वाटायचं.

एक दिवस सुनवायचं ठरवूनच गेलो. काकू अंगठ्यानं बटण दाबत होत्या. एकदा दाबून थकत, पुन्हा दाबत. कपाळावर घाम. नत्थूजी शिजलेल्या भाजीचं पातेलं घेऊन पडद्यावर धुतलेल्या ताटाची वाट पाहत नुसते उभे. मी म्हटलं, "काकाजी, हा एकट्यानंही खेळता येतो. काकूंना कशाला त्रास देता? अन् ते देवीचं ताट उचला, तिसरी चांदणी आजच मिळेल."

डाव संपल्यावर ते माझ्यामागं अंगणात आले आणि आवाज खाली करून म्हणाले, "डॉक्टरनं तिले रबरी चेंडू देला. दाबत जा म्हने. चार दिवस दाबला, मंग खाटेखाली फेकला. काहून दाबीन? चेंडूले भूक लागते का?"

मी दारातून आत काकूंकडे पाहिलं.

"पंगत बसली म्हटलं का मात्र तिच्यानं राहवत नाई, भाऊ. लोकं ताटकळले का हात आपोआप चालते. जन्माची सवय हाये."

"आणि देवीचं ताट?"

"चार ताटं झाले तं धुवाची घाई कायची? तिले आराम भेटन, अन् हात निजन." मग ओशाळून हसले. "अन्नपूर्णा समजून घेते."

मला स्वतःचीच लाज वाटली. त्यानंतर मी तिसऱ्या चांदणीचं नाव काढलं नाही, आणि गल्लीत कोणी बोललंच तर त्याला गप्प केलं.

परवा दुपारी त्यांच्याकडून आरडाओरडा ऐकू आला नाही, म्हणून घाबरून धावत त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पोहे केले होते. डावा हात नुसता आधाराला खाली धरून, उजव्या हातानं त्यांनी ताटली माझ्याकडे केली. ताटली जरा कलली, थोडे पोहे सतरंजीवर सांडले. मी ताटली पटकन घेणार होतो, पण थांबलो. ती माझ्यापर्यंत येऊ दिली.

नत्थूजी आमच्याकडे पाठ करून टीव्हीकडे टक लावून बसले होते.

"पोचलं का ताट?" त्यांनी विचारलं.

"पोचलं, काकाजी."

"मंग खा ना. पाहून काय राहिले."

टीव्ही बंद होता.