मागची थप्पी

आमचे शेजारी किसनभाऊ लाकूड कानानं तपासतात. फोडलेली दोन लाकडं घेतात, एकमेकांवर वाजवतात, डोळे मिटतात आणि निकाल सांगतात. टण्ण वाजलं तर पास. भद्द वाजलं तर, "पोटात पानी हाय अजून. ठेवा तिकडं." माझी छाती आजवर एकाही डॉक्टरानं इतकं मन लावून ऐकलेली नाही.

तसा त्यांच्या घरी गॅस आहे. माणूस एक, सिलिंडर दोन. बायको जाऊन आठ वर्षं झाली, एकुलती एक लेक सविता लग्न होऊन निर्मल गावी गेली. एकट्या जिवाला सरपण लागतं किती? तरी रोज सकाळचा चहा झाला की कुऱ्हाड, पाचर आणि घण घेऊन हे अंगणात हजर. परसातलं टिनाचं छपर लाकडांनी गच्च. रचण्याचे नियम वेगळेच. दोन लाकडांतल्या फटीतून वारा गेला पाहिजे, सरडा जाता कामा नये. सरडे ऐकत नाहीत, ही त्यांची जुनी तक्रार.

बाकी गाव चुलीत पऱ्हाट्या घालतं. कापूस वेचून झाला की उपटलेली वाळकी झाडं, तेच आमचं जळतण. किसनभाऊंना आमची कीव येते. "पऱ्हाटी म्हंजे काय, वहिनी? पाव्हना आला, च्या पेला, गेला. बाभळीचं तसं नाही. बसते, दोन गोष्टी करते."

आणि कोणत्याही भानगडीवर त्यांचं औषध एकच. वाळू द्या. गावात दोन भाऊ शेतांमधल्या धुऱ्यावरून भांडले, तेव्हा यांना मधे घातलं. हे म्हणाले, "राग वला हाय अजून. वाळू द्या. वल्या लाकडावर घाव घालसान तं कुऱ्हाड अडकते." दोघं खरंच थांबले. आता भांडण कशाचं होतं ते दोघांनाही आठवत नाही, पण बोलत अजून नाहीत.

छपरात थप्प्या दोन. पुढची गावाची. कोणीही मागावं, किसनभाऊ चार लाकडं वाजवून देणार. भिंतीजवळच्या मागच्या थप्पीकडे मात्र नजर टाकायचीही सोय नव्हती. आम्ही म्हणायचो, म्हातारा कंजूष आहे.

मागच्या पावसाळ्यात माझं सिलिंडर ऐनवेळी संपलं. घरात पाहुणे, पऱ्हाट्या भिजलेल्या. पुढची थप्पीही तळाला गेलेली. मी मागच्या थप्पीला हात घातला, तोच अर्धी दाढी केलेले किसनभाऊ साबणासकट धावत आले.

"वहिनी! तिले हात नोका लावू!"

"काऊन? सोनं पुरलं हाय का तिच्यात?"

"नोका लावू म्हनलं ना!"

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"सवितेची हाय ते थप्पी. बाळंतपनाची."

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सव्वा महिना बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचं, खाटेखाली शेगडी ठेवायची. त्याला लाकूड खडखडीत वाळलेलं लागतं, नाहीतर धुरानं बाळ गुदमरतं. लेकीचं लग्न झालं त्याच वर्षापासून हे तिच्यासाठी लाकूड वाळवत होते. आणि आता तिला सातवा लागला होता, तर सासू पाठवायला तयार नव्हती.

"विहीनबाई म्हनते, घरात माय नाही तं माहेर कायचं? म्या म्हनलं, लाकूड तयार हाय, पानी मी तापवतो. तं हासली ते."

मला माझीच लाज वाटली. या माणसाला मी कंजूष म्हटलं होतं.

"लावा फोन," मी म्हटलं.

विहीणबाईंना मी सांगितलं, "पानी घालाले मी हावो. तेल लावाले मी हावो. अन् लाकूड पाहायचं असन तं येऊन पाहा."

बाई खरंच आल्या. बसमधून उतरल्या त्या थेट छपरात. थप्पीतून एक लाकूड ओढलं, हुंगलं, परत ठेवलं. किसनभाऊ परीक्षेला बसलेल्या पोरासारखे कोपऱ्यात उभे. विहीणबाई पदरानं हात पुसत म्हणाल्या, "सोमवारी पाठवू का मंगळवारी?"

मुलगी झाली. नाव अजून ठेवायचं होतं, म्हणून सगळे चिमी म्हणायचे. सव्वा महिना किसनभाऊंनी चुलीजवळ मला फिरकू दिलं नाही. पाणी तापवायचं त्यांनी, घालायचं मी. दाराबाहेरून रोज विचारायचे, "कढत हाय ना? चिमी रडून राह्यली काऊन?" थप्पी रोज थोडी उतरत गेली. सविता बाळाला घेऊन निर्मलला गेली, त्या दिवशी छपराची मागची भिंत कितीतरी वर्षांनी दिसली.

मग दोन दिवस कुऱ्हाडीचा आवाज आला नाही. मला करमेना. भाकरी पाठवली, ती तशीच परत आली.

तिसऱ्या दिवशी घणाचा आवाज आला. जाऊन पाहते तर अंगणात अंजनाचा ओंडका. अंजन म्हणजे लोखंडच, पाचर दर घावाला बाहेर उडत होती.

"आता हे कोनासाठी? दुसरं बाळंतपन तं सासरी असते."

"सवितेचं नाही. चिमीचं."

मला हसू फुटलं. "दीड महिन्याची हाय ते पोरगी! तिची बारी येईपावतर उधई लाकूड खाऊन टाकन."

"म्हून तं अंजन आनलं. अंजनाले उधई लागत नाही." ते घणावर टेकून उभे राहिले. "तवा मी काही नसन. तुमी तेवढं निर्मलले पोचवून देजा, वहिनी."

मी त्यांच्यापेक्षा जेमतेम दोन वर्षांनी लहान. हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी हो म्हटलं, आणि पाचर धरायला खाली बसले.