देसलेकाका आणि बांधावरच्या शिवणी

देसलेकाका प्रत्येक आकडा दोनदा बोलतात. भाजीवालीपुढे उभे राहून "दोन जुड्या मेथी" म्हणतात, जरा थांबतात, मग तेच "दोन जुड्या मेथी" हळू, बारीक आवाजात म्हणतात आणि शेवटी मान डोलावून स्वतःलाच "बरोबर" असं सांगतात. बदलापुरात, कात्रपच्या आमच्या सोसायटीत मी राहायला आले त्याला दोन वर्षं झाली. समोरच्या दारातला हा माणूस एकटा राहतो आणि दोघांचं बोलतो, हे पहिल्या आठवड्यातच कळलं. मी शाळेत गणित शिकवते. आकड्यांशी असा खेळ मला खपत नाही.

एकदा उल्हासनगरच्या कापडबाजारात त्यांच्याबरोबर गेले होते. काकांनी पँटचं कापड पसंत केलं. "सव्वा मीटर." थांबले. "सव्वा मीटर." सिंधी दुकानदारानं दोन तुकडे कापून पुढ्यात ठेवले. काका म्हणाले, "अरे, एकच पाहिजे!" तो म्हणाला, "साईं, आपने तो दो बार बोला!" तेव्हापासून काकांकडे एकाच रंगाच्या दोन पँटी आहेत, आणि हा माणूस कपडे बदलत नाही असा सोसायटीचा ठाम समज आहे.

तरुणपणी काका एका परदेशी प्रकल्पात होते. युरोपातल्या कुठल्याशा थंड देशानं पैसा आणि माणसं पाठवली होती. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्याला एका गावात, भाताच्या बांधांवर शिवणीची चाळीस झाडं लावली. त्याच रानात भातही पिकवायचा आणि लाकूडही वाढवायचं, आणि सावलीनं भात किती घटतो ते बघायचं, असा तो अभ्यास. काकांचं काम झाडं मोजायचं. त्या देशातून आलेल्या शास्त्रज्ञ मार्गित मॅडमना गावानं आल्या आल्या मार्गीताई करून टाकलं होतं.

झाडाचा घेर छातीच्या उंचीवर मोजतात. दुसऱ्या वर्षी, रोपं माणसाच्या वर गेल्यावर, चार सहायकांनी तो आपापल्या छातीच्या उंचीवर मोजला. पुढच्या महिन्यात माणसांनी झाडं बदलून घेतली आणि निम्म्या शिवणी चक्क बारीक झाल्या! मार्गीताई हसून हसून बांधावर बसल्या म्हणे. मग त्यांनी सांगितलं, छाती म्हणजे एक मीटर तीस सेंटीमीटर, मग ती कुणाचीही असो. काकांच्या ती हनुवटीला लागते. तेवढ्या उंचीवर लाल खूण केलेली काठी अजून त्यांच्या दाराआड उभी आहे.

तीन वर्षांनी प्रकल्प संपला. तिकडे सरकार बदललं, त्यांना झाडांऐवजी दुसरं काहीतरी महत्त्वाचं वाटू लागलं. फलक उतरला, जीप गेली. काका मोरिवलीजवळच्या एका कारखान्यात स्टोअरला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण मनानं ते प्रकल्पातून कधी बाहेर पडलेच नाहीत.

त्यांच्याकडे जेवायला येणारा प्रत्येक जण 'लाभार्थी'. सोसायटीच्या सभेत नव्या पंपाचा विषय निघाला की काका हात वर करतात. "पंप बसेल हो. पण नंतर काय? शाश्वतता काय?" हा प्रश्न त्यांनी एका लग्नात स्टेजवर जाऊन नवऱ्या मुलालाही विचारला. मुलीच्या बापाचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

एका सकाळी दार वाजलं. "बाई, आपल्याकडे सरकार पडलं!" मी धावत जाऊन टीव्ही लावला. दिल्ली, मुंबई, सगळं जागच्या जागी. "इथलं नाही हो," काका म्हणाले, "आपल्याकडचं!" आपल्याकडे म्हणजे त्या थंड देशात. तिथे नवा मंत्री येणार, जुनी फाइल उघडणार आणि दुसरा टप्पा सुरू होणार, हे त्यांचं स्वप्न.

त्यांच्या भिंतीवर दोन घड्याळं आहेत, एक इथलं आणि एक तिकडचं. दुपारी ते गॅलरीत डोळे मिटून बसतात आणि सांगतात, "आता तिथे उजाडतंय. बर्फ पडून गेलाय, रस्त्यावर कुणी नाही. मार्गीताईंच्या खिडकीखाली भूर्जाची झाडं आहेत, पांढरीफेक." काकांनी विमान आतून पाहिलेलं नाही. पण ते बोलायला लागले की खालच्या रिक्षांचे हॉर्न कुठेतरी लांब जातात, आणि उत्तरपत्रिका मांडीवर तशाच ठेवून मीही त्या रस्त्यावरून चालू लागते. मला ते आवडायचं. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

यंदा दिवाळीनंतर काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिना झाला तरी त्यांना टेपवरचे आकडे नीट दिसेनात. एक दिवस बघते तर दारात काठी, पिशवी आणि एक जाडजूड वही, आणि काका नुसतेच खुर्चीत. तेव्हा कळलं की प्रकल्प संपल्यावरही दरवर्षी भात कापून झाला की ते शिवणी मोजायला जातात. एकही वर्ष चुकलेलं नाही. नोंदींची प्रत मार्गीताईंच्या पत्त्यावर पाठवतात. सुरुवातीला उत्तरं यायची, मग त्याही निवृत्त झाल्या.

"मग आता हे वाचतं कोण?" मी मास्तरणीच्या सुरात विचारलं.

"त्यांनी तीन वर्षं दिली, बाई. शिवणीला तीस लागतात. उरलेली कुणीतरी द्यायला नकोत?" काका वहीवरून हात फिरवत राहिले. "एक वर्ष गाळलं की नोंद तुटली. मग मागचं सगळं रद्दीत."

रविवारी मी त्यांच्याबरोबर रिक्षात बसले.

शेतावर धुकं होतं. कापलेल्या भाताच्या खुंटांवर दव होतं आणि बांधांवर शिवणी अर्ध्या दिसत होत्या, अर्ध्या नव्हत्या. धुक्यातून शेताचे मालक बाळारामदादा आले. "आलास का, देसले? मना वाटला यंदा नाय येत."

चाळीसातली एकतीस झाडं उरली आहेत. सात वाऱ्यानं पडली, एक विजेनं गेलं आणि एकापुढे वहीत कारण लिहिलंय, 'लग्न'. दादांच्या मुलीचा पलंग त्याच झाडाचा.

काकांनी काठी लावली, बोटांनी खूण चाचपली आणि टेप फिरवला. आकडा मी वाचायचा, ते मोठ्यानं बोलणार आणि मी लिहायचं, असं ठरलं. "एकशे चौतीस," मी कुजबुजले. "एकशे चौतीस!" काका ओरडले आणि थांबले. मी लिहिलं. मग काकाच बारीक आवाजात म्हणाले, "एकशे चौतीस. बरोबर."

"काका, इथे तरी एकदा बोला ना!"

"मार्गीताईंचा नियम आहे," ते म्हणाले. "मोजणाऱ्यानं आकडा बोलायचा, लिहिणाऱ्यानं परत बोलायचा. मग मोजणारा म्हणतो, बरोबर. प्रकल्प संपल्यावर लिहायला सुमन यायची." सुमनकाकू म्हणजे त्यांची बायको. मी राहायला येण्याच्या चार महिने आधी त्या गेल्या. "घरीपण मग तेच झालं. मी म्हणायचो दोन जुड्या, ती आतून म्हणायची दोन जुड्या. आता ती जागा रिकामी राहिली की मला पुढचं बोलता येत नाही, बाई."

मला माझ्या टिंगलीची लाज वाटली. वहीची मागची पानं काकूंच्या गोल अक्षरांनी भरलेली होती, आणि शेवटची दोन वर्षं काकांच्या वाकड्यातिकड्या अक्षरांनी.

दुसऱ्या झाडाला टेप लागला. "एकशे एकोणीस!" काका ओरडले.

"एकशे एकोणीस," मी मोठ्यानं म्हणाले.

काकांनी फक्त मान डोलावली, आणि मग शेवटच्या झाडापर्यंत तशीच डोलावत राहिले. धुकं विरलं, उन्हं आली. एकतिसावी नोंद वहीत पडली.

परतताना काका कोपऱ्यावरच्या भाजीवालीपुढे थांबले. "दोन जुड्या मेथी," ते म्हणाले, आणि थांबले.

"दोन जुड्या मेथी," मी म्हणाले.

भाजीवाली आमच्या दोघांकडे बघत राहिली.

"बरोबर," काका म्हणाले.