बिनमडगार्डची मुलाखत

मोटरसायकलचा मागचा मडगार्ड काढावा की ठेवावा, या प्रश्नावर पणरावांनी चार महिने घालवले होते. पणराव हे त्यांचं खरं नाव नव्हे. एका सर्व्हेअरच्या कचेरीत ते नकाशे काढायचं काम करत, आणि कुठल्याही वाक्याच्या मध्यावर आले की "पण" म्हणून थांबत. सहकाऱ्यांनी ठेवलेलं हे नाव पुढे घरापर्यंत आलं, आणि बायकोनेही त्याला हरकत घेतली नाही.

सगळ्याचं मूळ त्यांच्या मेकॅनिकच्या एका वाक्यात होतं. गाडी पुढून वाघ दिसते, पण मागून पोस्टमनची वाटते, असं तो सहज बोलून गेला. तेव्हापासून पणरावांना स्वतःची गाडी मागून बघवेना. सिग्नलला मागे कुणी उभं राहिलं तरी त्यांना वाटे, हा आता टपालाची वाट बघणार. त्यांनी आलेखाच्या कागदावर दोन रकाने पाडले. डावीकडे 'देखणेपणा' आणि उजवीकडे 'उपयोग' असं लिहिलं, आणि कचेरीतल्या प्रत्येकाचं मत नोंदवलं. मतं समसमान पडली. निर्णायक मत म्हणून बायकोला विचारलं, तेव्हा ती इस्त्री करत होती.

"एखादी वस्तू काढायच्या आधी ती कशासाठी लावली होती ते विचारावं," ती म्हणाली. "मग खुशाल काढावी."

हे मत कुठल्या रकान्यात टाकायचं ते पणरावांना कळेना, म्हणून त्यांनी ते टाकलंच नाही. एका गुरुवारी संध्याकाळी कचेरीतून येताना धीर एकवटून ते गॅरेजमध्ये शिरले आणि "काढ" म्हणाले. मेकॅनिकने "पण" यायच्या आत करवत चालवली. गाडी खरोखर देखणी दिसू लागली. नंबरप्लेट आणि मागचा दिवा मडगार्डवरच बसवलेले होते आणि तेही त्याच्याबरोबर गेले. मेकॅनिक म्हणाला, ते शनिवारी बसवून देतो, एका दिवसात कोण बघतंय.

शुक्रवारी बायकोची मुलाखत होती.

ही मुलाखत साधी नव्हती. पणरावांची बायको एका लहान रुग्णालयाच्या धुलाई विभागात अकरा वर्षं हंगामी म्हणून राबत होती. चादरीवरचा डाग बघून रुग्ण काय जेवला ते ती सांगत असे. आता मोठ्या रुग्णालयात स्वच्छता पर्यवेक्षिकेची जागा निघाली होती, कायमची. वयाची अट बघता तिला ही पहिली आणि शेवटची संधी होती. महिनाभर ती जंतुनाशकांची नावं पाठ करत होती, आणि मोतिया रंगाचा एक नवा ड्रेस तिने खास या दिवसासाठी शिवून घेतला होता.

सकाळी ती फाईल छातीशी धरून मागे बसली. गाडीकडे तिचं लक्षही गेलं नाही, कारण ओठांत जंतुनाशकं चालू होती. बाजारामागच्या रस्त्यावर पाण्याची पाईप फुटली होती आणि तिथे दोनशे पावलं लांबीचा चिखल झाला होता. पणरावांनी गाडी इतकी जपून चालवली की पायी चालणारे पुढे निघून गेले. रुग्णालयाच्या दारात ती उतरली, "येते" म्हणाली आणि पायऱ्या चढू लागली. तेव्हा पणरावांना तिची पाठ दिसली.

कमरेपासून मानेपर्यंत चिखलाचा एक सरळ पट्टा उमटला होता. खाली चार बोटं रुंद, वर निमुळता होत गेलेला. रेघेची पारख हा पणरावांचा धंदाच, त्यामुळे तो पट्टा अगदी मध्यावर आलाय हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या पाठीवर एक थेंब नव्हता. मध्ये बायको होती ना.

स्वच्छता पर्यवेक्षिका व्हायला निघालेली बाई पाठीवर अर्धा रस्ता घेऊन साहेबांसमोर जाणार होती, आणि तो रस्ता तिच्या नवऱ्याने तिथे नेऊन ठेवला होता. त्यांनी फोन लावला. मुलाखतीच्या पत्रातली 'फोन बंद ठेवावा' ही सूचना तिने घरातून निघतानाच पाळली होती. ते धावत दाराशी गेले, तर रखवालदाराने अडवलं. वरच्या मजल्यावर आज फक्त उमेदवार, बाकीच्यांनी केसपेपर काढून तपासणीच्या रांगेत बसावं. पणरावांनी केसपेपर काढला. खिडकीतल्या बाईंनी काय होतंय म्हणून विचारलं, तेव्हा डोक्यात दुसरं काहीच नसल्यामुळे ते "पाठ" म्हणाले.

केसपेपर हाती येताच रखवालदाराची नजर चुकवून ते जिना चढले. वरच्या व्हरांड्यात भिंतीशी सहा खुर्च्या होत्या आणि प्रत्येकीवर पांढरीशुभ्र खोळ होती. तिसऱ्या खुर्चीवर बायको होती. सुदैवाने ती पुढे झुकून, टेकून न बसता पुटपुटत होती. म्हणजे अजून कुणाला काही दिसलेलं नव्हतं. समोरच्या दाराशी एक वयस्कर शिपाई उभा होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. पणरावांनी खांबाआडून खुणा केल्या. आधी तिच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या पाठीवर हात फिरवला आणि चेहरा जमेल तेवढा गंभीर केला.

बायकोने क्षणभर बघितलं. नवरा ताठ बसायला सांगतोय असं तिला वाटलं असावं. तिने मान हलवली आणि खुर्चीला पाठ घट्ट टेकवली.

पणरावांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शिपाई तिला आत बोलावत होता. ती उठली, अकरा वर्षांच्या सवयीने खुर्चीकडे एकदा वळून बघितलं आणि आत गेली. तिला काय दिसलं आणि काय नाही, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. खुर्चीच्या खोळीवर मात्र पट्टा जसाच्या तसा उतरला होता.

आता पुढचा उमेदवार हे बघणार, शिपायाला सांगणार, शिपाई आत सांगणार आणि आत बसलेले साहेब समोरच्या बाईला जरा वळायला सांगणार. हा सगळा क्रम पणरावांना नकाशासारखा स्पष्ट दिसला. दुसरा काही इलाज सुचेना. ते लगबगीने गेले आणि त्या खुर्चीवर टेकून बसले. पाठीला गारवा लागला आणि आपल्या आकाशी शर्टाचं काय झालं ते त्यांना कळलं. पण निदान डाग झाकला गेला.

शिपाई जवळ आला. या खुर्च्या उमेदवारांच्या आहेत, असं त्याने समजावून सांगितलं. पणराव म्हणाले, उठतो, पण जरा वेळाने. त्याने पत्र मागितलं, तेव्हा त्यांनी केसपेपर पुढे केला. शेजारच्या उमेदवार बाईंनी आपली खुर्ची थोडी दूर सरकवली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी पणरावांची अवस्था झाली. उठावं तर डाग उघडा पडतो, बसावं तर गडबड होते आणि ती आत ऐकू जाते.

एवढ्यात आतून बेल वाजली. शिपाई आत गेला. परत आला तेव्हा त्याचा नूर बदललेला होता. त्याने पणरावांकडे आधी जरा निरखून आणि मग फार मायेने बघितलं.

"पाठ धरलीय का तुमची?" त्याने विचारलं.

बुडत्याला काडीचा आधार मिळाला. "धरलीय," पणराव म्हणाले. "उठताच येत नाही."

"उठू नका. आम्ही तुम्हाला उचलू."

पणराव नको नको म्हणत असताना दोन धट्टेकट्टे कर्मचारी चाकांचं स्ट्रेचर घेऊन हजर झाले. त्यांनी त्यांना खोळीसकट उचललं, पालथं घातलं आणि व्हरांड्यातून ढकलत नेलं. एक गोष्ट बरी झाली, खोळ पाठीला चिकटून बरोबर आली. त्याही स्थितीत पणरावांचा जीव अर्धा भांड्यात पडला.

पण खालच्या मजल्यावर तो जीव परत भांड्याबाहेर आला. अपघात विभागातल्या नर्सने खोळ सोलून काढली, शर्टावरचा चिखल बघितला आणि विचारलं, "गाडीवरून पडलात?"

खरं सांगायचं तर बायकोचं नाव येणार. पणरावांनी पालथ्या पडल्या पडल्याच मान हलवली. मग ती अपघाताची केस झाली, आणि अपघाताची केस म्हटल्यावर तिथल्या चौकीवरचा हवालदार वही घेऊन आला. त्याने गाडीचा नंबर विचारला. पणरावांनी सांगितला. खात्री करावी म्हणून हवालदार बाहेर जाऊन गाडी बघून आला आणि म्हणाला, "नंबर नाही तिच्यावर."

"आहे, पण गॅरेजमध्ये आहे."

"दिवाही नाही मागे."

"तोही तिथेच आहे."

"अपघातात तुटला?"

"नाही, त्याच्या आदल्या दिवशी कापला."

हवालदाराने वहीचं नवीन पान उघडलं. मध्येच एक डॉक्टर आले. त्यांनी पाठीला हातही न लावता एक्स-रे सांगितला आणि निघून गेले. एक्स-रेच्या रांगेत त्यांच्या पुढे सात जण होते. पणरावांना आपल्या पाठीची काळजी नव्हती. वर काय चाललं असेल, तिला उठायला सांगितलं असेल का, कुणी हसलं असेल का, एवढंच डोक्यात फिरत होतं. अकरा वर्षं या बाईने लोकांचे डाग धुतले, आणि ज्या दिवशी तिने स्वतः निर्मळ दिसायचं त्याच दिवशी आपण तिला असं पाठवलं, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले.

तासाभराने बायको आली. तिच्या अंगावर कुणाचातरी पांढरा कोट होता, त्यामुळे पाठ दिसत नव्हती. कसं झालं म्हणून त्यांनी विचारलं. बरं झालं, ती म्हणाली. तुम्हाला काय झालं म्हणून तिने विचारलं. घसरलो, पणराव म्हणाले. तिने त्यांच्या शर्टाकडे नीट बघितलं आणि काही बोलली नाही. हवालदाराशी मात्र बोलली, आणि शनिवारी प्लेट बसवून गाडी दाखवायला आणायची या अटीवर त्याने दोघांना सोडलं.

पुढचे पंधरा दिवस पणरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. डागाचा विषय तिने काढला नाही. ड्रेस तिने स्वतःच धुतला. तिला कळलंय की नाही हे विचारावं, तर कळलं नसल्यास आपणच सांगितल्यासारखं होणार. आणि निवड झाली नाही, तर ती का झाली नाही हे जगात फक्त त्यांना माहीत असणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. ते न सांगता भांडी घासू लागले, पडदे धुऊ लागले, तिच्या चपला पुसून ठेवू लागले. शनिवारी गाडीला नवा मडगार्ड बसवून घेतला, तो आधीपेक्षा वीतभर लांब होता. अन्न मात्र गोड लागेना. पोस्टमनला ते रोज दारात गाठत, आणि आपली गाडी मागून कशी दिसते हा विचार त्यांच्या मनाला शिवतही नव्हता.

सोळाव्या दिवशी पत्र आलं. बायकोने ते फोडलं, वाचलं आणि टेबलावर ठेवलं. निवड झाली होती.

मग पणरावांना राहवेना. त्यांनी मडगार्डपासून एक्स-रेपर्यंत सगळं सांगून टाकलं, पंधरा दिवसांत प्रथमच "पण" न म्हणता. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला उठतानाच दिसलं होतं," ती म्हणाली. "खुर्चीवरचा डाग. खाली रुंद, वर निमुळता. असा डाग चाकाशिवाय दुसरं कुणी काढत नाही. तेव्हा तुमच्या खुणा कळल्या."

"मग आत काय केलंस?"

"आत त्यांनी पहिला प्रश्न विचारला, वॉर्डात घाण दिसली तर आधी काय कराल? मी म्हटलं, पुसणं हे नंतरचं. आधी ती जिथून येते ते तिथून हलवायचं. ते म्हणाले, उदाहरण द्या. मी उठून पाठ दाखवली."

पणरावांनी कपाळाला हात लावला.

"तेवढ्यात बाहेर शिपाई तुम्हाला खुर्चीवरून उठवत होता ते आणि तुमचं 'पण' ऐकू आलं. मग मी सांगितलं की याचं मूळ आत्ता बाहेर तिसऱ्या खुर्चीवर बसलंय. ते माझे मिस्टर आहेत आणि आपणहून हलायचे नाहीत. अधीक्षकांनी बेल वाजवून शिपायाला बोलावलं आणि मला म्हणाले, तुम्हीच सांगा याला काय करायचं ते. मी सांगितलं. चार मिनिटांत व्हरांडा मोकळा झाला, खोळसुद्धा गेली. त्यांनी घड्याळ लावून बघितलं. निवड त्यावरच झाली."

एवढं कळत असून तिने पंधरा दिवस सांगितलं का नाही, हे पणरावांना विचारायचं होतं. पण समोर घासलेली भांडी आणि धुतलेले पडदे दिसत होते, म्हणून त्यांनी विचारलं नाही.

"पण," ते शेवटी म्हणाले, "माझी पाठ तर दुखतच नव्हती. मग एक्स-रे कशाला?"

"तेही मीच सांगितलं होतं," बायको पत्राची घडी घालत म्हणाली. "म्हटलं, रांग मोठी असते. तेवढा वेळ तरी एका जागी राहतील."