गाड्या आहात तिथे लावा

"जावईबापू, तुमच्या त्या यंत्राच्या डोक्यात भुसा भरलाय का?"

पार्सल कंपनीचे मालक रागातसुद्धा जावयाला अहोजाहोच करत. त्यामुळे त्यांची शिवी सभ्य व्हायची, पण लागायची तितकीच.

ड्रायव्हरांचे फोन जुने, त्यांवरचं नेट मुंगीच्या पावलांचं. म्हणून जावयानं ऑफिसात प्रॉक्सी बसवला होता. एकानं मागितलेल्या पानाची प्रत तो जपून ठेवी आणि पुढच्यांना तीच देई. मग ड्रायव्हर सिनेमे बघतात असा मालकांना संशय आला आणि त्यांनी फर्मान सोडलं, "प्रत्येकाच्या बँडविड्थला लगाम घाला! आणि एकदा आणलेलं पान दिवसभर पुन्हा आणायचं नाही!"

जावयानं दोन्ही केलं.

आज सकाळी एका ड्रायव्हरनं गिऱ्हाइकाचं आरशाचं कपाट उतरवताना पालथं पाडलं. मालकांनी तिरमिरीत, ड्रायव्हर रोज फोनवर बघत त्या सूचनांच्या पानावर लिहिलं, "सगळे एकजात कामचुकार! गाड्या आहात तिथे लावा आणि बसा!"

"अहो, मग सामान कोण पोचवणार? तुम्ही?" मालकांच्या बायकोनं विचारलं.

मालकांनी मुकाट्यानं मजकूर पुसून 'कामाला लागा' असं लिहिलं. पण प्रॉक्सी सकाळचंच पान इमानेइतबारे वाटत राहिला. दुपारपर्यंत सगळ्या गाड्या थांबल्या. एक तर पोलीस चौकीच्या फाटकात आडवी. गिऱ्हाइकं फोनवर बोंबलत होती आणि दुखावलेला एकही ड्रायव्हर मालकांचा फोन उचलत नव्हता.

"पुसलं ना मी ते!"

"तुम्ही पुसलंत, बाबा. प्रॉक्सीकडे जुनी प्रत आहे. दिवसभर बदलायची नाही, असं तुम्हीच..."

"मी सांगितलं म्हणून ऐकायचं? एरवी ऐकता का?"

जावयानं दात-ओठ खात जुनी प्रत काढून टाकली. मालकांनी नवी सूचना टाकली. मनापासून वाटावं म्हणून हात जोडलेला स्वतःचा भलामोठा फोटो, आणि त्या फोटोतच तळाशी माफी आणि 'कामाला लागा'.

"फोटो जड आहे, बाबा. लगाम घातलाय, उतरायला वेळ—"

"माफी मागतोय मी! त्यातही काटकसर?"

फोटो वरून खाली इंचाइंचानं उतरू लागला. आधी कपाळावरच्या आठ्या आल्या, मग वटारलेले डोळे, आणि तिथेच अडकला. जोडलेले हात कुणाच्याच फोनवर पोचले नाहीत. ड्रायव्हरांनी गाड्यांच्या किल्ल्यासुद्धा काढून खिशात टाकल्या.

शेवटी पोलिसांचा फोन आला. मालक पाय आपटत चौकीशी गेले. ड्रायव्हर फोन हातात धरून सीटवर मांडी घालून बसला होता.

"चुकलं माझं! हलव गाडी!"

"तोंडी नको, साहेब. सकाळी लेखी बोललात. आता उठायचंही लेखीच येऊ द्या."

"अरे, आलंय ते! बघ की!"

ड्रायव्हरनं शेजारची जागा झटकून दिली. मालक धुसफुसत चढून बसले. पडद्यावर त्यांचेच डोळे त्यांच्याकडे रोखून बघत होते, आणि खाली चकती गरगरत होती.

"ए, उतर ना लवकर!" मालक फोनवर खेकसले.

"ओरडू नका, साहेब," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला. "मी सकाळपासून शिव्या देतोय. त्याला काही फरक पडत नाही."